तरवड रानात जगतो, अंगणात का मरतो?

२०२५ च्या सप्टेंबरात घट बसले, तेव्हा मराठवाड्यातील कित्येक गावांची शेते पाण्याखाली होती. त्याआधी नऊ वर्षे, २०१६ च्या एप्रिलमध्ये, याच मराठवाड्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. एकाच प्रदेशाने दहा वर्षांच्या आत ही दोन्ही टोके पाहिली असल्यामुळे घरापुढे किंवा बांधावर कोणते झाड लावावे, हा एरवी हौसेचा समजला जाणारा प्रश्न आता गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे. नर्सरीतून आणलेली शोभेची झाडे बोअरच्या खारट पाण्यावर पिवळी पडतात, उन्हाळ्यात पाणी तुटले की वाळतात आणि पावसाळ्यात पाणी साचले की कुजतात. त्याच गावाच्या शिवेवर, मुरमाच्या उतारावर, ज्याला कोणी कधी तांब्याभर पाणी घातलेले नाही असा तरवड मात्र नवरात्रात पिवळाधमक फुललेला असतो आणि घटाच्या माळेसाठी सगळे गाव त्याच्याकडे जाते.

म्हणून काही जण हे झाड अंगणात आणून लावतात. हौसेने खोल खड्डा घेतात, त्यात शेणखत भरतात, रोज संध्याकाळी पाणी देतात आणि पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यात झाड मान टाकते. ज्याला कोणी विचारत नाही ते झाड जगते आणि ज्याची काळजी घेतली ते मरते, हे पाहून माणूस गोंधळतो. या कोड्याचे उत्तर झाडाच्या मुळांपाशी आहे. ते समजण्यासाठी जमिनीच्या पोटात पाणी, मीठ आणि हवा यांचा व्यवहार कसा चालतो, हे थोडे सावकाशीने पाहावे लागते.

## तरवड म्हणजे नेमके कोणते झाड

पिवळ्या फुलांची झाडे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात नेहमी गफलत होते. बहावा हा वृक्ष आहे. त्याची फुले उन्हाळ्यात झुंबरासारखी खाली लोंबतात आणि फुलताना त्याच्यावर पाने जवळजवळ नसतात. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात दिसणारे घंटेच्या आकाराच्या पिवळ्या फुलांचे झुडूप अमेरिकेतून आलेले आहे. टाकळा पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळतो. तरवड या सर्वांहून वेगळा आहे. तो साधारण एक ते तीन मीटर उंचीचा, बुडापासून फांद्या फुटणारा, बारमाही हिरवा राहणारा झुडूपवर्गीय रहिवासी असून भारत, श्रीलंका आणि म्यानमार हे त्याचे मूळ घर आहे.

ओळखीची सर्वांत सोपी खूण पानाच्या देठापाशी असते. तेथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर, हिरवी उपपाने असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५३ साली या झाडाचे जे शास्त्रीय नामकरण केले, त्यातील ‘ऑरिक्युलाटा’ या शब्दाचा अर्थच ‘कान असलेली’ असा आहे. पुढे झाडाची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, बदलून ते ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ झाले, पण कान कायम राहिले. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ आणि वाळल्यावर फिकट तपकिरी होणाऱ्या असतात. वाऱ्यात त्या खुळखुळतात.

नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, तेलंगणात, याच झाडाला ‘तंगेडू’ म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे आणि नवरात्राच्याच सुमारास येणाऱ्या बतुकम्मा सणात त्याची फुले थरावर थर रचून मांडली जातात. इकडे माहूर, तुळजापूर आणि अंबाजोगाई या देवीच्या तीन मोठ्या ठाण्यांच्या परिसरात घराघरांतल्या घटावर त्याच फुलांची माळ चढते. दोन भाषांच्या बायका एकाच आठवड्यात एकाच झाडाकडे जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

## सदाहरित झाडाचीही पाने गळतात

सदाहरित म्हणजे ज्याची पाने कधीच गळत नाहीत ते झाड, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. पान कोणतेही असो, त्याला आयुष्य असते. फरक एवढाच की, पानझडी झाडांची पाने एकाच हंगामात गळतात आणि सदाहरित झाडांची थोडी थोडी, वर्षभर.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणारी वस्ती डोळ्यांपुढे आणली, तर पानझडी झाडाचे वागणे लगेच कळते. दसरा-दिवाळी झाली की घरांना कुलपे लागतात, कारण गावात पाणी आणि काम या दोहोंची टंचाई असते. दिवस पालटले की माणसे परततात. पळस आणि बहावा हेच करतात. पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारी खिडकी असल्यामुळे पाण्याच्या टंचाईत ते सर्व खिडक्या काढूनच टाकतात. सदाहरित झाड गावातच राहते. एकत्र कुटुंबात जुनी माणसे जातात, नवी जन्मतात, पण घर कधी ओस पडत नाही, तसे त्याचे चालते.

मात्र गावात राहायचे ठरवले की उन्हाळ्यातही पाण्याची सोय हवी. तरवड ती दोन प्रकारे करतो. त्याचे पान लहान लहान पर्णिकांत विभागलेले असल्यामुळे ते उन्हात फार तापत नाही. दुसरी आणि अधिक महत्त्वाची सोय जमिनीखाली आहे. त्याचे सोटमूळ वरचा थर सोडून खडकाच्या भेगांतून, मुरमाच्या सांदीतून खोल उतरते आणि जेथे उन्हाळ्यातही थोडी ओल टिकून राहते तेथपर्यंत पोहोचते. माळावरचा तरवड पाण्यावाचून जगत नाही. त्याचे पाणी आपल्याला दिसत नाही, इतकेच.

## खारे पाणी मुळांचे काय करते

आता मिठाकडे वळू. मराठवाड्यातील बोअरचे पाणी खारट लागण्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. मूळ आणि खारे पाणी यांचा संबंध समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडी चिरून त्यांना मीठ लावून ठेवले, तर काही तासांत पातेल्यात पाणी जमते. ते वरून कोणी घातलेले नसते. फोडींच्या आतले पाणी मिठाकडे ओढले गेलेले असते. पातळ पडद्यातून पाण्याने कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाण्याच्या या क्रियेला परासरण म्हणतात.

मूळ पाणी शोषते तेही याच नियमाने. मुळाच्या आतील रस मातीतल्या पाण्यापेक्षा थोडा घट्ट असतो, म्हणून पाणी आत येते. मातीतील पाणी खारट होत गेले, तर ही ओढ कमी होत जाते आणि माती डोळ्यांना ओली दिसत असूनही झाड तहानलेले राहते. क्षार आणखी वाढले, तर मूळ कैरीच्या फोडीसारखे होते. बागेत भरपूर पाणी देऊनही दुपारी माना टाकणाऱ्या झाडांमागे बऱ्याचदा हेच कारण असते आणि मालक मात्र पाणी कमी पडले असे समजून त्याच बोअरचे आणखी पाणी सोडतो.

पाणी किती खारट आहे हे जिभेवर सोडू नये. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून क्षारांचे प्रमाण मोजतात. या मापाला विद्युत वाहकता म्हणतात आणि ते डेसिसायमन प्रति मीटर या एककात येते. सिंचनाच्या पाण्यासाठी ढोबळ नियम असा की, ०.७ पर्यंत चिंता नाही आणि ३ च्या पुढे बहुतेक नाजूक झाडांना गंभीर त्रास होतो. मातीच्या अर्काची वाहकता ४ च्या वर गेली, तर त्या जमिनीला क्षारपड म्हणतात. तुलनेसाठी सांगायचे, तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वाहकता ५० च्या आसपास असते. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पाण्याची बाटली दिली की हा आकडा मिळतो. झाडावर शंभर रुपये खर्च करण्यापूर्वी हा आकडा हातात असावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पातेल्याच्या तळाशी किंवा नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तो मुख्यतः चुन्याचा असतो, खाण्याच्या मिठाचा नव्हे. अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. जड पाणी आणि खारे पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत, जरी अनेक बोअरांत ती एकत्र नांदत असली तरी.

तरवड मध्यम खारवटपणा सोसतो. कोरड्या, क्षारयुक्त जमिनींवर पुन्हा हिरवळ आणण्यासाठी ज्या देशी झुडपांचा विचार होतो त्यांत त्याचे नाव असते. पण सोसतो याचा अर्थ त्याला ते आवडते असा नाही. ज्या जमिनीत सोडियम इतके साठले आहे की माती चिकट होऊन पाणी खाली जाऊच देत नाही, अशा चोपण जमिनीत तोही टिकणे अवघड. तेथे आधी जिप्सम घालणे आणि चर काढणे भाग आहे.

## रोजचे शिंपण आणि अंगणातले मिठागर

कोकणात किनाऱ्यालगत मिठागरे आहेत. तेथे समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा मीठ. आपण बोअरचे तांब्या-दोन तांब्ये पाणी रोज झाडाच्या बुडाशी ओततो तेव्हा नकळत हेच करत असतो. एवढेसे पाणी वरच्या चार बोटे मातीतच अडकते, दुसऱ्या दिवशी उडून जाते आणि आपल्यातले क्षार तेथेच ठेवून जाते. उन्हाळाभर हे चालले की मातीवर पांढरट पापुद्रा दिसू लागतो.

यावरून पाणी देण्याची रीत ठरते. रोज थोडे देण्याऐवजी आठ-दहा दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे पाणी क्षारांना बरोबर घेऊन मुळांच्या खाली उतरेल. पावसाळा हेच काम फुकट करतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे चांगल्या दोन-चार पावसांत वरची माती धुऊन निघते. मात्र या दोन्ही गोष्टींना एकच अट आहे. पाण्याला खाली जायला वाट हवी. वाट नसेल, तर धुतलेले मीठ त्याच डबक्यात फिरत राहते.

## काळ्या मातीतला खड्डा म्हणजे बादली

अंबाजोगाईच्या आमच्या घरी पहिला तरवड याच कारणाने गेला. दोन फूट खोल खड्डा घेतला, काळी माती बाहेर काढली, पोयटा आणि शेणखत भरले, रोप लावले आणि मनापासून पाणी घातले. श्रावणात सलग पाच दिवस पाऊस लागला आणि पंधरा दिवसांनी झाड पिवळे पडून वाळले. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी, बुळबुळीत झालेली होती आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी उभे होते. कुंपणाबाहेर दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर आपोआप उगवलेला तरवड त्याच पावसात तजेलदार उभा होता. ते दोन्ही दृश्य शेजारी शेजारी पाहिल्यानंतर मला या झाडाची गोष्ट कळली.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. कणीक मळून उघडी ठेवली तर तिला तडे जातात, तशाच भेगा उन्हाळ्यात शेतात पडतात. पावसाळ्यात माती फुगली की या भेगा मिटतात आणि पाण्याच्या वाटा बंद होतात. अशा जमिनीत खड्डा घेऊन तो भुसभुशीत खतमातीने भरणे म्हणजे जमिनीत बादली पुरण्यासारखे आहे. आजूबाजूचे पाणी सैल मातीकडे धावते, आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही.

साचलेल्या पाण्याने मूळ का मरते? मुळे श्वास घेतात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत जी हवा असते तिच्यातील प्राणवायू ती वापरतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते, गुदमरलेले मूळ पाणी शोषू शकत नाही आणि कुजवणाऱ्या बुरशीला आयते घर मिळते. म्हणून बुडत असलेले झाड वरून तहानलेल्या झाडासारखेच दिसते. आपण फसतो ते नेमके येथे.

ज्या झाडाने खडकाळ उतारावर लाखो पिढ्या काढल्या, त्याला दुष्काळ सोसण्याची सवय आहे, श्वास कोंडला जाण्याची नाही. त्यामुळे तरवड काळ्या मातीत लावायचाच असेल, तर खड्डा घेण्याऐवजी उंचवटा करावा. काळ्या मातीच्या कडेलाही हे झाड वाढलेले दिसते, पण ते बांधावर, रस्त्याच्या भरावावर किंवा नाल्याच्या काठावर, म्हणजे जेथून पाणी सरकून जाते तेथेच. मुरूम, जाड वाळू आणि तीच काळी माती एकत्र करून दीड-दोन फूट उंचीचा, चार फूट रुंद ढीग केला आणि त्यावर रोप लावले, तर निम्म्याहून अधिक प्रश्न लावण्यापूर्वीच मिटतात. शेणखत ओंजळभर पुरे. जास्त खताने पाने लुसलुशीत होतात आणि फुले कमी येतात.

## समुद्रकाठच्या बागेत तो येईल का

मराठवाड्यातील अनेकांची मुले नोकरीनिमित्त किनारपट्टीवर राहतात आणि गावाकडचा तरवड तेथे नेता येईल का, असे विचारतात. तमिळनाडूच्या दक्षिणेकडील कोरड्या किनाऱ्याजवळ आणि श्रीलंकेच्या कोरड्या भागात तो चांगला वाढतो, तेव्हा समुद्र हा त्याचा शत्रू नाही.

किनाऱ्यावर मीठ दोन वाटांनी येते: मुळाकडून आणि वाऱ्यावरून. लाटांचे बारीक तुषार पानावर बसतात, पाणी उडते, मीठ उरते आणि पानाची कडा भाजल्यासारखी होते. यात मराठवाड्यासाठीही धडा आहे. बोअरचे खारे पाणी पाइपने पानांवर फवारले, तर अंगणात नेमका हाच प्रकार घडतो. उन्हाळ्यात झाड धुऊन काढल्याचे समाधान मिळते, पण पानाच्या कडा करपतात. पाणी बुडाशीच द्यावे. समुद्राकडील बाजूस मात्र आधी वाऱ्याला अडवणारे एखादे कणखर झाड किंवा भिंत असावी आणि तरवड तिच्या आडोशाला असावा.

कोकणची खरी अडचण मिठाची नसून पावसाची आहे. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर सहज पडतो. वाळूच्या उंच भरावावर, भर उन्हात, पाणी क्षणभरही थांबत नाही अशी जागा असेल, तर प्रयत्न करावा. भातखाचराजवळच्या सखल परसात करू नये. तेथे करवंदासारखे त्या मातीचे सदाहरित झुडूप लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

## फुलात मध नाही, तरी भुंगा का येतो

या झाडाचा सर्वांत सुंदर भाग मी मुद्दाम येथपर्यंत राखून ठेवला होता. तरवडाच्या फुलात मध नसतो. कीटकांना देण्यासाठी त्याच्याकडे फक्त परागकण असतात आणि तेही उघड्यावर ठेवलेले नसतात. बहुतेक फुलांत परागकोश उभा उकलतो आणि पराग बाहेर सांडतो. तरवडाचा परागकोश मिठाच्या किंवा मिरपुडीच्या छिद्राच्या डबीसारखा असतो. टोकाशी बारीक भोक आणि बाकी सर्व बंद. डबी हलवल्याशिवाय काही बाहेर पडत नाही.

हलवण्याचे काम मोठा काळा भुंगा करतो, जो जुन्या वाशांना आणि वाळक्या लाकडाला भोके पाडून राहतो. तो परागकोशांना पायांनी कवटाळतो आणि पंख न उडवता छातीचे स्नायू अतिशय वेगाने थरथरवतो. त्या वेळी उडतानाच्या गुणगुणण्यापेक्षा वेगळा, चिरका आवाज येतो आणि परागाचा ढग त्याच्या अंगावर उडतो. या रीतीला गुंजन-परागण म्हणावे. आपल्या पोळ्यातल्या मधमाशांना फूल असे थरथरवता येत नाही. फुलातील दहा पुंकेसरही सारखे नसतात: वरचे तीन वांझ, काही लहान आणि खालचे काही लांब व बाकदार. लहान पुंकेसरांतील पराग भुंगा खाण्यासाठी गोळा करतो, तेव्हा लांब पुंकेसरांतील पराग त्याच्या पाठीपोटाला अशा ठिकाणी चिकटतो जेथून तो पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतो.

याचा बागेशी व्यवहारी संबंध आहे. अंगणातला तरवड भरपूर फुलूनही शेंगा धरत नसेल, तर आसपास भुंगे नाहीत असे समजावे. घराच्या मागे वाळक्या लाकडाचा एखादा ओंडका राहू दिला, तर त्यांना राहायला जागा होते. कीटकनाशक मारण्याचे कारणच नाही. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पाने कुरतडतील, पण झाड ते सहज भरून काढते आणि थोड्याच दिवसांत त्याच अळ्यांची फुलपाखरे होतात.

## शेंगा येतात, मग जमीन सुधारेल का

तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात आणि म्हणून शेंगवर्गीय झाड जमीन सुधारते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तरवडालाही शेंगा येतात, तेव्हा त्याच्याकडून तीच अपेक्षा केली जाते. परंतु सेन्ना प्रजातीच्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी होतच नाहीत. तरवडाचा पाला मात्र हिरवळीचे खत म्हणून दक्षिणेत भातखाचरांत वापरला गेला आहे. छाटणीचा पाला बुडाशीच पसरला, तर तो उन्हात मातीची ओल धरून ठेवतो आणि त्यामुळे वर सांगितलेले मिठागर बनण्याची क्रियाही मंदावते.

गुरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, हा त्याचा आणखी एक उपयोगी गुण. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तशी ती आखडवणारे कषायद्रव्य या झाडात, विशेषतः सालीत, पुष्कळ असते. कातडी कमावणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही साल वापरली; दक्षिण भारतातील कातडी कमावण्याचा मोठा उद्योग तिच्यावर उभा होता, तो पुढे आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटल नावाच्या झाडाच्या सालीकडे वळला. कुंपणासाठी हा गुण वरदान आहे, कारण शेळ्या मोकळ्या फिरणाऱ्या गावात बाकीचे कोवळे रोप आठवडाभरही टिकत नाही.

## औषधी आहे म्हणून लावावा का

तरवडाच्या फुलांचा काढा मधुमेहावर देण्याची परंपरा दक्षिणेत आहे आणि श्रीलंकेत वाळलेल्या फुलांचा चहासारखा वापर होतो. असे असले, तरी साखरेची गोळी बंद करून फुलांचा काढा सुरू करणे धोक्याचे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सोनामुखी, जिची पाने जुलाबासाठी देतात, ती याच सेन्ना प्रजातीतील आहे. गरोदर स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे झाड पोटात घेऊ नये.

## रानातले झाड अंगणात माजणार नाही का

ही शंका रास्त आहे, कारण सेन्ना प्रजातीतीलच एक परदेशी तण आज पडीक जमिनीवर आणि रस्त्यांच्या कडेला गालिचासारखे पसरलेले आपण पाहतो. तरवडाचे तसे होत नाही. ज्या भूमीत तो जन्मला, तेथे त्याची पाने खाणाऱ्या अळ्या, बिया पोखरणारे किडे आणि त्याच्याशी जागेसाठी भांडणारी गवते त्याच्याबरोबरच वाढलेली आहेत. शिवाय त्याचे बी सावकाश रुजते आणि रोपाला भरपूर ऊन लागते. झाडीच्या सावलीत ते टिकत नाही. उलट, रस्ते रुंद होताना आणि माळ सपाट केले जाताना तो हटतो आहे, आणि नवरात्रात विक्रीसाठी फांद्याच्या फांद्या मोडून नेल्या जातात तेव्हा शेंगा धरायला फुलेच उरत नाहीत. घटाच्या माळेसाठी लागणारी ओंजळभर फुले स्वतःच्या अंगणात मिळू लागली, तर माळावरच्या झाडांवरचा तो भार थोडा तरी हलका होईल, म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला हे झाड लावायला सांगतो.

## बी, पिशवी आणि पहिली दोन वर्षे

शेंगा हिवाळ्यात वाळतात. रानातून बी आणताना एका झाडाच्या सगळ्या शेंगा तोडू नयेत. चार-पाच झाडांवरून थोड्या थोड्या घ्याव्यात, म्हणजे रोपांतही विविधता राहते. मटकीला मोड आणताना काही दाणे रात्रभर भिजूनही खड्यासारखे टणक राहतात, तसे तरवडाचे बहुतेक बी असते. त्याचे कवच पाणी आत जाऊ देत नाही. अवेळी पडलेल्या एका पावसाला भुलून सगळे बी एकदम उगवू नये, यासाठी झाडाने केलेली ती तजवीज आहे. म्हणून बी घासकागदावर हलकेच घासावे किंवा पाणी उकळून आचेवरून उतरवावे, थोडे निवू द्यावे आणि त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी जे फुगले असेल ते पेरावे. जे फुगले नसेल त्याला पुन्हा घासावे.

शक्य असेल तर मृगाचा पाऊस झाल्यावर बी थेट जागेवरच, उंचवट्यावर, दोन-तीन एकत्र टोचावे. सोटमूळ पहिल्या महिन्यापासूनच खाली धावते आणि पिशवीत त्याला वळण बसले की ते पुन्हा सरळ होत नाही. पिशवीत करायचेच असेल, तर लांब पिशवी घ्यावी आणि रोप वीतभर झाले की त्याच पावसाळ्यात लावून टाकावे. रानातले मोठे झाड उपटून आणू नये. त्याचे मूळ तुटते आणि ते जगत नाही. कुंपणासाठी दोन रोपांत तीन ते चार फुटांचे अंतर पुरते आणि जागा दिवसभर उन्हाची असावी.

पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, तेही शक्यतो टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यातून. तिसऱ्या वर्षापासून मूळ आपली ओल आपण शोधते. फुले नव्या फुटव्यांच्या टोकाशी येत असल्यामुळे छाटणी फुलांचा बहर आणि शेंगा आटोपल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस करावी. आषाढात कात्री चालवली, तर नवरात्रात माळेला फुले मिळणार नाहीत. आमच्या दुसऱ्या तरवडाला मुरमाच्या ढिगावर तिसऱ्या वर्षी पहिली फुले आली, ती मोजून अकरा होती, आणि ती सगळी पहिल्या माळेला गेली.